पारा, शिल्लक

बाटली लहान आहे, जाड काचेची, रबरी बुचाची. बुचावर लाख ओतून ते पक्कं केलेलं. पहिल्यांदा उचलणाऱ्याचा हात हमखास फसतो. डोळ्यांनी शंभर-दीडशे ग्रॅमचा अंदाज बांधलेला असतो आणि मनगटावर येतं पाऊण किलो. आत पारा आहे, त्यावर बोटाच्या पेराएवढं पाणी. बाहेर चिकटवलेल्या कागदावर बाबांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलंय : 'पारा, शिल्लक'.

बाबा सांगलीकडच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होते. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत भिंतींना चुना देताना शिडी घसरली आणि कोपऱ्यातला फॉर्टिनचा बॅरोमीटर, पाऱ्याच्या उंचीवर हवेचा दाब मोजणारी उभी नळी, खाली आला. पारा शहाबादी फरशीवर पसरला. पसरला म्हणणंही बरोबर नाही. पारा पळतो. एका थेंबाचे शंभर होतात आणि ते टेबलांच्या पायांमागं जाऊन दडतात. बाबांनी दोन पोस्टकार्डं घेतली आणि दिवसभर गुडघ्यांवर बसून एकेक थेंब दुसऱ्याजवळ नेला, मोठा केला, बशीत घेतला. फरशीच्या सांध्यांत जे राहिलं त्यावर गंधकाची पूड टाकली. मग डेडस्टॉक रजिस्टरात नोंद झाली : फॉर्टिन बॅरोमीटर, नग १, मोडला, निर्लेखित.

निर्लेखित झालं की वस्तू वहीपुरती संपते. हा पारा वहीत संपला आणि बशीत उरला. त्याच्यासाठी रजिस्टरात रकाना नव्हता आणि तो कुणी मागितलाही नाही. बाबांनी तो बाटलीत भरला, कागद चिकटवला, आणि निवृत्त झाले त्या दिवशी नारळ आणि शालीसोबत बाटलीही घरी आणली. आई रागावली. बाबा म्हणाले, "तिथं ठेवली तर एक दिवस कुणीतरी सिंकमध्ये ओतेल. मग ती कुठं जाईल?"

हा प्रश्न मी पुढं बारा-पंधरा वर्षं वेगवेगळ्या नावांनी ऐकत राहिले. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि गोव्यात खाडीच्या गाळातल्या, पाऱ्याला दाद न देणाऱ्या जिवाणूंवर काम केलं. बाबांचा पारा आणि माझा पारा एकच आहे, हे मात्र आम्हा दोघांच्याही फार उशिरा लक्षात आलं. त्यांचा होता दिव्यातला, नळीतला. माझा होता बशीतल्या अगारमधला, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीतला. मधे आईच्या माहेरचा, सोनारांचा पारा होता, त्याची तर घरात कुणी विज्ञान म्हणून गणतीच केली नव्हती.

बाबांच्या डार्करूममध्ये मी पहिल्यांदा गेले तेव्हा पाचवीत होते. लाकडी पेटीतला मर्क्युरी लॅम्प लावल्यावर पहिली काही मिनिटं नुसतं फिकट जांभळं काहीतरी दिसत राहतं, मग आतला पारा तापून वाफ होतो आणि दिवा पूर्ण पेटतो. त्या उजेडात बाबांचे ओठ काळे दिसले आणि मी घाबरले. या प्रकाशात तांबडा जवळपास नसतोच, म्हणून तसं दिसतं, असं त्यांनी सांगितलं आणि मला स्टुलावर उभं करून स्पेक्ट्रोमीटरच्या दुर्बिणीला डोळा लावायला लावला. काळ्याभोर पार्श्वभूमीवर उभ्या रेषा होत्या. दोन पिवळ्या, अगदी चिकटून. एक हिरवी, इतकी स्वच्छ हिरवी की पोपटाला, पानाला, कशालाच तो रंग नाही. मग निळसर जांभळी, आणि टोकाला डोळ्याला जेमतेम कळणारी जांभळी. बाबांना या रेषा पाढ्यांसारख्या पाठ होत्या : ५७९, ५७७, ५४६.१, ४३५.८, ४०४.७ नॅनोमीटर. पन्नास मुलांची रीडिंग तपासताना ते जर्नलकडं न बघता कान देऊन ऐकत आणि चुकलेला आकडा तिथल्या तिथं पकडत.

दर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, ते विद्यार्थ्यांना यातली ४३५.८ ची रेषा दाखवून सांगत, "रामन साहेबांची ही." १९२८ साली कलकत्त्याच्या बऊबाजारातल्या प्रयोगशाळेत रामन आणि कृष्णन द्रवांतून विखुरलेला प्रकाश बघत होते. आधी त्यांनी सूर्यप्रकाश वापरला होता. सूर्यप्रकाशात सगळे रंग एकमेकांत मिसळलेले, त्यात थोडा रंग बदलला तर ओळखायचा कसा? पाऱ्याच्या दिव्यानं ती अडचण सुटली. रेषा सुईसारखी बारीक, दोन्ही बाजूंना काळोख, आणि त्या काळोखात द्रवानं उमटवलेल्या नव्या, पुसट रेषा. मूळ रेषा धारदार होती म्हणून शेजारची अंधूक दिसली. बाबांना रामन यांच्या बुद्धीइतकंच त्या दिव्याचं कौतुक होतं. ते रास्तच होतं असं मला आता वाटतं. प्रयोगशाळेत सहायक म्हणून आयुष्य घातलेल्या माणसाला कळतं की शोधाचं निम्मं श्रेय चांगल्या दिव्याचं असतं.

भौतिकीनं पाऱ्यावर असा विसंबून राहण्याचा इतिहास लांब आहे. १६४३ साली तोरिचेल्लीनं हवेचं वजन पाऱ्याच्या नळीत केलं. ८ एप्रिल १९११ ला हॉलंडमध्ये लायडनला कामरलिंग ऑनेस यांच्या प्रयोगशाळेत द्रव हेलियमच्या थंडीत, ४.२ केल्विनच्या आसपास, एका तारेइतक्या बारीक पाऱ्याचा विद्युतरोध अचानक नाहीसा झाला. अतिवाहकता सापडली ती पाऱ्यात, आणि त्याचं कारण साधं होतं. पारा पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून फार शुद्ध करता येतो, इतर धातूंचं तसं नव्हतं.

आणि तो मुळात पातळ का? शाळेत कुणी विचारलं नाही, मीही नाही. पाऱ्याच्या अणूत ८० प्रोटॉन. त्यांच्या ओढीनं सगळ्यात आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून जास्त वेगानं धावतात. तिथं आइनस्टाइनचा सापेक्षतावाद लागू पडतो. त्याच्या परिणामानं बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची जोडीही आत ओढली जाते, आणि मग एक पाऱ्याचा अणू दुसऱ्या अणूचा हात घट्ट धरायला राजी होत नाही. २०१३ मध्ये झालेल्या गणितांनी दाखवलं की हा परिणाम वगळला तर पाऱ्याचा वितळणबिंदू शंभरएक अंशांनी वर जातो, म्हणजे आपल्या घरातल्या हवेत तो घन राहिला असता. त्याच्या शेजारचं, ७९ प्रोटॉनांचं सोनं पिवळं दिसतं तेही याच कारणानं. बाबांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे तुझ्या आईच्या माहेरचं आणि आमचं एकच की."

आईचं माहेर कोल्हापूरच्या गुजरीत. आजोबा सोनार. दुकानात त्यांची शेगडी, म्हणजे बागेसरी, तिच्याजवळ मूस, फुंकणी, चिमटे. आई सांगते, ठरावीक दिवसांनी झारेकरी यायचे. सोनारांच्या दुकानांसमोरची, गटाराच्या कडेची माती ते झाडून न्यायचे आणि पाटीत घोळून घोळून धुवायचे. तळाशी जी काळी रेती राहायची तिच्यात पारा घालून चोळायचे. कानशीतून उडालेले सोन्याचे कण पारा वेचून घेतो. मग फडक्यातून पिळलं की जादा पारा गाळून खाली येतो आणि फडक्यात राखाडी गोळी राहते. ती खापरीत तापवली की पारा उडून जातो, सोनं उरतं. मुलं भोवती गोळा होऊन बघत बसायची, आईसुद्धा. तो पारा उडून कुठं जातो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तो त्या मुलांच्या श्वासात जात होता.

झारेकऱ्यांची ही रीत आणि ज्या रीतीवर जगाचा व्यापार उभा राहिला ती रीत तत्त्वानं एकच. १५५४ साली मेक्सिकोत पाचुकाला बार्तोलोमे दे मेदिना यानं चांदीचं हलकं खनिज पाऱ्यानं वेचायची पद्धत बसवली. दळलेलं खनिज फरसबंद अंगणात पसरायचं, मीठ, तांब्याचं सल्फेट आणि पारा घालायचा, खेचरांच्या पायांनी कित्येक आठवडे तुडवायचं. पुढं ही पद्धत पेरूकडं पोचली आणि पोतोसीच्या डोंगरातली चांदी धो धो वाहू लागली. पारा स्पेनमधल्या आल्मादेनहून जहाजानं यायचा आणि पेरूतच वांकावेलिकाच्या खाणींतून, जिथं सक्तीनं आणलेले स्थानिक मजूर वाफेनं थरथर कापत मरत. एक किलो चांदीमागं साधारण किलो-दीड किलो पारा खपायचा, काही वाफ होऊन, बराचसा क्लोराइड होऊन गाळात.

मला यातली हिशेबाची गोष्ट विलक्षण वाटते. पाऱ्याच्या विक्रीची मक्तेदारी स्पेनच्या राजाकडं होती. चांदीवर त्याचा पाचवा हिस्सा कर. खाणवाले चांदी लपवणार हे उघड होतं, पण पाऱ्याशिवाय चांदी निघत नाही. म्हणून कोणी किती पारा उचलला यावरून राजाचे अधिकारी त्यानं किती चांदी काढली असेल याचा ताळा करायचे. म्हणजे हरवणाऱ्या पाऱ्याचा हिशेब त्या काळीही ग्रॅम-ग्रॅम ठेवला जात होता, फक्त तो चांदीसाठी होता. पारा कुठं हरवला याला वहीत जागा नव्हती. ती चांदी युरोपातून, भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरून, मनिलामार्गे आशियात आली, सुरतेच्या टांकसाळीत वितळून रुपये झाली. हिंदुस्थानात चांदीच्या मोठ्या खाणी नव्हत्या, मुघलांचा रुपया बाहेरून आलेल्या चांदीवर चालला. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० मध्ये जी सुरत लुटली तिची श्रीमंती याच ओघावर पोसलेली होती. आंदीज पर्वतातल्या गाळात राहिलेला पारा आणि आपल्या इतिहासात मोजली गेलेली चांदी या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत.

अर्थशास्त्रात अशा न मोजलेल्या बाजूची सविस्तर मांडणी व्हायला १९२० उजाडावं लागलं. इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी मांडलं की एखाद्याच्या व्यवहाराचं नुकसान तिसऱ्यालाच सोसावं लागतं आणि ते किमतीत कुठंच दिसत नाही. रेल्वेच्या इंजिनातून उडणाऱ्या ठिणग्यांनी शेजारचं रान पेटतं, हे त्यांच्या उदाहरणांपैकी एक. आपल्याकडं या कल्पनेला 'बाह्यता' म्हणतात. शब्द नीट आहे, पण मला तो वाचताना नेहमी अडखळायला होतं. बाह्य, म्हणजे कुणाच्या बाहेर?

आता माझ्या जिवाणूंकडं येते.

पाऱ्याचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, जिवंत पेशीला मारतो तो गंधकाच्या ओढीनं. प्रथिनांत सिस्टीन नावाचा दुवा असतो, त्यावर गंधक असतं, पारा त्याला मिठी मारतो आणि प्रथिनाचा आकारच मोडतो. बाबांनी फरशीच्या सांध्यांत गंधक टाकलं होतं ते याच ओढीच्या भरवशावर. मर्क्युरिक क्लोराइड घातलेल्या अगारवर खाडीचं पाणी पसरलं की बहुतेक बशा कोऱ्या राहतात. पण सगळ्या नाही. दुसऱ्या दिवशी इनक्युबेटर उघडला की एखाद्या बशीत चार-दोन वसाहती वर आलेल्या असतात, मोत्यासारख्या, काही फिकट पिवळ्या. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी दार उघडं ठेवून तशीच उभी राहिले होते.

या जिवाणूंकडं जनुकांचा एक संच असतो, त्याला 'मेर' म्हणतात. त्यातलं पहिलं प्रथिन डीएनएवर पहारेकऱ्यासारखं बसून असतं. पारा नसताना ते पुढची जनुकं बंद ठेवतं. पाऱ्याचा एक आयन त्याच्या तीन सिस्टीनांत अडकला की ते डीएनएला किंचित पीळ देतं आणि जनुकं उघडतात. यानंतर जे होतं ते मला आजही सुचलं नसतं. कॅडमियम, जस्त असल्या धातूंना बरेच जिवाणू पंपानं बाहेर फेकतात. पाऱ्याच्या बाबतीत ते उलट करतात. विषाला आत घेतात. एक प्रथिन त्याला भिंतीपाशी धरतं, दुसऱ्याच्या हवाली करतं, दुसरं पटलातून आत नेऊन तिसऱ्याच्या. प्रत्येक जण दोन गंधकांच्या चिमटीत त्याला असा धरून ठेवतो की वाटेत तो कुणालाही शिवणार नाही. तापलेली मूस सांडशीतून सांडशीत द्यावी तसं. शेवटचं विकर त्याला दोन इलेक्ट्रॉन देतं. आयनाचा साधा धातू होतो, बाबांच्या बाटलीतला पारा, एकेक अणू सुटा. तो पेशीतून सहज पाझरतो आणि वाफ होऊन उडून जातो.

हे डोळ्यांनी बघायची एक सुंदर रीत आहे, १९८८ मध्ये जपानी संशोधकांनी सुचवलेली. जिवाणू आणि मर्क्युरिक क्लोराइड छोट्या खळग्यांच्या पट्टीत ठेवायचे, अंधारात वर एक्स-रे फिल्म झाकायची. वाफ वर येते आणि फिल्मवरच्या चांदीच्या क्षाराची चांदी करते. फिल्म धुतली की जिथं जिवाणूंनी पारा सोडला तिथं काळपट धुकं दिसतं. पोतोसीत पाऱ्यानं चांदी वेचली, इथं तो चांदीवर आपली खूण ठेवतो. सुट्टीत घरी आले तेव्हा तशी एक फिल्म सोबत आणली. बाबांनी ती ट्यूबलाइटसमोर धरली. त्या ट्यूबमध्येही पाराच होता. आतली वाफ २५३.७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सोडते आणि काचेवरचा लेप त्याचा पांढरा उजेड करतो. माझ्या प्रयोगशाळेत लॅमिनारमधला, म्हणजे गाळलेल्या हवेच्या कपाटातला, दिवा त्याच प्रकाशानं हवेतले जिवाणू मारायचा. आणि पाण्यात किती पारा आहे हे मोजायचं यंत्रही त्याच प्रकाशावर चालतं, कारण अणू जो प्रकाश सोडतो तोच शोषतो. पाऱ्याचा दिवा, पुढं पाऱ्याची वाफ, जेवढी सावली तेवढा पारा. बाबांच्या पाढ्यात हा एक आकडा नव्हता, काचेपलीकडं येत नसल्यामुळं तो त्यांना कधी दिसलाच नव्हता. त्यांनी तो लिहून घेतला.

मग फिल्म खाली ठेवून विचारलं, "आता हा पारा कुठाय?"

"गेला. फ्यूमहूडमधून, हवा ओढून घेणाऱ्या कपाटातून, बाहेर."

"बाहेर कुठं?"

माझ्याकडं उत्तर होतं, पुस्तकातलं, पण ते मी असं कधी उच्चारलं नव्हतं. पाऱ्याची वाफ हवेत काही महिने, कधी वर्षभरही राहते. तेवढ्यात पृथ्वीला वळसा घालून होतो. हळूहळू तिचा पुन्हा आयन होतो, पावसाबरोबर खाली येतो, तळ्यात, खाडीत, गाळात. आणि गाळात, जिथं प्राणवायू पोचत नाही तिथं, दुसरे जिवाणू असतात. ते त्याला मिथाइल, म्हणजे कार्बन-हायड्रोजनचा एक छोटा गट, चिकटवतात. हा मिथाइल पारा शेवाळात जातो, झिंग्यात जातो, लहान माशात, मोठ्या माशात, दर पायरीला दाट होत. म्हणून तारली-बांगड्यापेक्षा मोरी माशात, म्हणजे शार्कमध्ये, तो जास्त. माझा जिवाणू स्वतःचं घर लख्ख झाडतो आणि केर वाऱ्यावर सोडतो. माझ्या प्रबंधात याला 'प्रतिरोध' म्हटलंय. वाऱ्यानं तो ज्याच्या दारात नेऊन टाकला त्याच्यासाठी माझ्या प्रबंधात शब्द नाही.

गाळात असं होतं हे स्वीडनच्या येन्सन आणि येर्नेलोव यांनी १९६९ मध्ये दाखवलं. कोणत्या जनुकांनी होतं हे कळायला २०१३ उजाडलं. ती दोन जनुकं ओळखणारा गट अमेरिकेत ओक रिजच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेचा होता, आणि हे गाव मला वाचताना थांबवतं. १९५० च्या दशकात हायड्रोजन बॉम्बसाठी लिथियमचं एक समस्थानिक वेगळं काढायला तिथं सुमारे ११ हजार टन पारा वापरला गेला. त्यातला काही गळाला, उडाला, ओढ्यात गेला. भौतिकीनं ओढ्यात सोडलेला पारा जीवशास्त्र त्याच गावात, दोन पिढ्यांनी, शोधत बसलं.

मिनामाताची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, पण तिथला दोष जिवाणूंचा नव्हता, हे सांगायला हवं. जपानमधल्या त्या गावी चिस्सो कंपनीच्या अॅसिटाल्डिहाइडच्या कारखान्यात पारा उत्प्रेरक होता आणि मिथाइल पारा तिथल्या टाक्यांतच तयार होऊन सांडपाण्यातून समुद्रात जायचा. आधी मांजरं वेडीवाकडी नाचून मेली, मग कोळ्यांची मुलं. १ मे १९५६ ला रोगाची अधिकृत नोंद झाली. १९५८ मध्ये कंपनीनं सांडपाण्याचं तोंड बंदरातून काढून नदीच्या मुखाकडं वळवलं, आणि पुढच्या वर्षी त्या बाजूच्या वस्त्यांतही रोगी निघू लागले. कंपनीच्याच दवाखान्यातले डॉक्टर होसोकावा यांनी १९५९ मध्ये ते सांडपाणी मांजराला खाऊ घातलं, ४०० क्रमांकाचं मांजर, आणि त्याला तोच रोग झाला. निष्कर्ष दाबला गेला. उत्पादन थांबलं १९६८ मध्ये. नळाचं तोंड वळवलेलं ते एक वर्ष माझ्या डोक्यातून जात नाही. 'बाहेर'ची इतकी उघडी व्याख्या दुसरी नसेल.

आपल्याकडं उल्हास नदीच्या खाडीतल्या गाळात साचलेला पारा राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मोजून ठेवला आहे. पाऱ्याच्या घटांवर कॉस्टिक सोडा करणारे कारखाने त्या भागात होते. चंद्रपूर-कोराडीला जळणाऱ्या कोळशात तो असतोच. जगभरात माणूस हवेत जेवढा पारा सोडतो, २०१५ च्या अंदाजानं वर्षाला २,२०० टनांच्या वर, त्यातला सर्वांत मोठा वाटा, शेकडा ३८ च्या आसपास, कोळशाचाही नाही. तो छोट्या सोन्याच्या खाणींचा आहे. फडकं, गोळी, खापरी. सोन्याचा भाव चढला की ही रीत फोफावते. आईनं गुजरीत बघितलेली ती गोळी आज जगातला पाऱ्याचा सगळ्यात मोठा धूर आहे, हे तिला सांगितल्यावर तिनं भाजी चिरणं थांबवलं होतं.

संशोधन करणारे यातून सुटतात असंही नाही. कॅरन वेटरहान अमेरिकेत डार्टमथला प्राध्यापक होत्या, जड धातू पेशीत काय करतात याच्या जाणकार. पारा डीएनए दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांना कसा चिकटतो हे त्या चुंबकीय अनुनादानं बघत होत्या, आणि त्या यंत्राला पाऱ्यासाठी शून्य कुठं धरायचं हे सांगणारा नमुना म्हणजे डायमिथाइल मर्क्युरी, पाऱ्याचं एक अतिशय विषारी द्रव संयुग. १४ ऑगस्ट १९९६ ला त्याचे एक-दोन थेंब त्यांच्या लॅटेक्सच्या हातमोज्यावर पडले. नियमानं वागल्या होत्या, फ्यूमहूड होतं, मोजे होते. तो द्रव लॅटेक्समधून काही सेकंदांत पार होतो हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. पाच महिन्यांनी तोल जाऊ लागला, शब्द अडखळू लागले. ८ जून १९९७ ला गेल्या, ४८ व्या वर्षी. त्यांच्या केसाची एक लांब बट तुकड्या-तुकड्यानं तपासली तेव्हा तो दिवस केसात सापडला : आधी काही नाही, मग एकदम उंच चढ, मग सावकाश उतार. जाणीव शाबूत होती तोवर त्यांनी आपली ही हकिगत इतरांना कळवा असं सांगितलं, आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत मोजे बदलले. माझ्या गाईड मॅडमनी पहिल्या दिवशी मला हातमोज्यांच्या दोन वेगवेगळ्या खोक्यांकडं नेऊन ही गोष्ट सांगितली होती. आवाज अगदी सपाट ठेवून. मीही माझ्या विद्यार्थ्यांना ती तशीच सांगते.

आणखी एक सांगायचं राहिलं, कारण प्रबंधात ते एका परिच्छेदात उरकलं आणि त्याची मला खंत आहे. मेर जनुकं एका जागी बसून राहत नाहीत. उड्या मारणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांवर ती स्वार असतात आणि त्याच तुकड्यांवर बऱ्याचदा प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकंही असतात. आपण दातात 'चांदी' भरतो म्हणतो, तिच्यात निम्मा पारा असतो. १९९३ मध्ये माकडांच्या दातांत ती भरून पाहिलं, तर त्यांच्या तोंडातले आणि आतड्यातले पाऱ्याला टिकणारे जिवाणू वाढले आणि त्यांतले बरेच औषधांनाही टिकणारे निघाले. पारा एका दारानं येतो आणि प्रतिजैविकाचं दार उघडून ठेवतो. रुग्णालय, खाडी, दातांचा दवाखाना, यांतली भिंत आपण कागदावर काढलेली आहे.

आयुर्वेदातल्या रसशास्त्रात पाऱ्याला रस म्हणतात, सूत म्हणतात. त्याच्यावर करायचे अठरा संस्कार सांगितले आहेत, आणि त्यातली एक धडपड त्याला 'बद्ध' करायची, आगीत ठेवला तरी पळू नये असा. त्याचं सोनं करायचं स्वप्न पुढचं. ते स्वप्न विसाव्या शतकात उलटं खरं झालं : १९४० च्या दशकात अमेरिकेत सोन्यावर न्यूट्रॉन सोडून पाऱ्याचं १९८ हे एकच समस्थानिक असलेला पारा तयार केला, कारण त्याच्या दिव्यातली ती हिरवी रेषा इतकी धारदार होती की लांबीचं जागतिक माप तिच्यावर ठरवावं असा प्रस्ताव होता. पुढं १९६० मध्ये तो मान क्रिप्टॉन वायूच्या रेषेला गेला. बाबांना मात्र ही बातमी फार आवडली. सोनं खर्चून पारा केला, आणि तोही दिव्यासाठी.

बाटलीचं काय करायचं हे मी विचारून पाहिलं होतं. घातक कचऱ्याची केंद्रं तळोज्याला आहेत, रांजणगावला आहेत. ती कारखान्यांसाठी, नोंदणी करून, टनांच्या भाषेत. एका घरातल्या एका बाटलीसाठी तो अर्ज नव्हता. जिथं विचारलं तिथल्या एका भल्या माणसानं हळूच सांगितलं, "ताई, टाकून द्या कुठंतरी बाहेर." त्याला मी दोष देत नाही.

ती बाबांच्या कपाटातच आहे. दर लक्ष्मीपूजनाला, मामांकडं वहीपूजन होतं त्या संध्याकाळी, बाबा ती शालीत गुंडाळून गुजरीत नेतात आणि मामा सोन्याच्या काट्यावर ठेवतात. बाबांनी त्यासाठी शाळेची जुनी दुरेघी वही केली आहे. एका ओळीत तिथी, वजन, घट. पहिल्या वर्षीचा आकडा ७४२ ग्रॅम, त्याखाली तोच, त्याखाली तोच. यंदा काटा स्थिर होईपर्यंत मामा, आई, मी, सगळे वाकून बघत होतो. बाबांचा हात आता कापतो, म्हणून त्यांनी वही माझ्याकडं सरकवली आणि सांगत गेले, मी लिहीत गेले. आश्विन अमावास्या. बाटलीसह ७४२. घट, नाही.